हाडाला किलोमीटर कळत नाहीत

गेल्या जानेवारीत मी एकतीस दिवसांत शंभर किलोमीटर चालायचं कबूल केलं होतं. झाले अठ्ठावन्न. राहिले बेचाळीस, म्हणजे जवळजवळ एक मॅरेथॉन. ते का राहिले, हे सांगण्यासाठी आजचा लेख. कारण माझ्या ओपीडीत आठवड्यातून दोन-तीन जण तरी काठी टेकत येतात आणि विचारतात, ‘‘मॅडम, पायात रॉड आहे. आता किती चालू?’’ आणि पंचवीस वर्षं सगळ्यांना ‘चाला, चाला’ म्हणत आलेल्या मला, स्वतःवर वेळ येईपर्यंत या प्रश्नाचं उत्तर नीट देता येत नव्हतं.

त्याआधीच्या जुलैत राउंड संपवून घरी निघाले होते. पाऊस, अंधार, रस्त्यावर सांडलेलं ऑइल. स्कूटर घसरली आणि माझ्या डाव्या पायावर आली. आमच्याच रुग्णालयाच्या अपघात विभागात मला स्ट्रेचरवरून आणलं तेव्हा तिथल्या मावशी माझ्याआधी रडल्या. अस्थिरोगतज्ज्ञ माझा एकेकाळचा विद्यार्थी. एक्स-रे दिव्यासमोर धरून तो म्हणाला, ‘‘मॅडम, फरशी खचली आहे.’’

गुडघ्याखालच्या नडगीच्या हाडाचं वरचं टोक पसरट असतं. मांडीचं हाड त्यावर टेकतं. या पसरट भागाला आम्ही ‘टिबियल प्लॅटू’ म्हणतो. ती गुडघ्याच्या सांध्याची फरशीच. त्या फरशीचा एक तुकडा खाली दबला होता. ऑपरेशनमध्ये तो वर उचलला, खालची पोकळी भरली आणि बाजूने प्लेट आणि स्क्रू लावून सगळं धरून ठेवलं. सांध्यातलं फ्रॅक्चर आणि हाडाच्या मधल्या दांडीचं फ्रॅक्चर यांत मोठा फरक आहे. मांडीच्या हाडाची दांडी मोडली आणि आत रॉड बसवला, तर बऱ्याच रुग्णांना थोड्याच दिवसांत पाय टेकायला सांगतात, कारण रॉड वजन वाटून घेतो. फरशीचं तसं नाही. ती जुळायच्या आत वर वजन आलं तर पुन्हा खचते. म्हणून मला सहा आठवडे डावा पाय जमिनीला लावायची बंदी होती. शेजारच्या खाटेवरच्या मुलाचं मांडीचं हाड मोडलेलं. तो चौथ्या दिवशी वॉकर धरून उभा राहिला आणि मी दीड महिना एका पायावर उड्या मारत होते. ‘त्याला चालवता, मग मला का नाही?’ असं रुग्ण विचारतात, तेव्हा ते चिडून विचारत असतात. मीही चिडूनच विचारलं होतं.

त्या सहा आठवड्यांत मांडी डोळ्यांदेखत वितळली. हा शब्द अतिशयोक्तीचा वाटेल, पण टेपने मोजलं तेव्हा डाव्या मांडीचा घेर उजवीपेक्षा तीन सेंटिमीटरने कमी भरला. वापर थांबला की मांडीच्या पुढचा मोठा स्नायू पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच झपाट्याने आटतो. तो परत मिळवायला मात्र महिने लागतात. पोटरीची गोष्ट निराळी. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, सैल होतात आणि पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलतात. हा पंप बंद पडला की शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. ती गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. म्हणूनच नर्स येऊन सारखं बजावतात, ‘पंजा वर-खाली करा, बोटं हलवत राहा.’ रुग्णाला वाटतं, बोटं हलवून हाड कसं जुळणार? बोटं हाडासाठी हलवायचीच नसतात.

सातव्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टने घरी वजनकाटा आणायला सांगितला. साधा, जमिनीवर ठेवायचा. उजवा पाय तेवढ्याच उंचीच्या पाटावर, डावा काट्यावर, दोन्ही हातांत वॉकर आणि नजर आकड्यावर. काटा पंधरा किलो दाखवेपर्यंत दाबायचं, तिथेच थांबायचं आणि पंधरा किलो म्हणजे पायाला कसं वाटतं ते लक्षात ठेवायचं. पुढच्या आठवड्यात वीस, मग तीस. माझं वजन चौसष्ट. ‘थोडं थोडं वजन द्या’ हे वाक्य मी आयुष्यात कितीदा लिहून दिलं असेल! त्या ‘थोडं’चा अर्थ किलोत असतो, हे मला चोपन्नाव्या वर्षी कळलं.

हाडाला वजन लागतंच. बर्लिनचे शल्यविशारद ज्यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं की, ज्या दिशेने आणि जितका भार पडतो, त्याप्रमाणे हाड स्वतःची आतली रचना बदलतं. आजही अस्थिरोगशास्त्रात ‘वोल्फचा नियम’ शिकवतात. याची उलट बाजू अंतराळात दिसते. तिथे भारच नसल्याने अंतराळवीरांच्या कंबर आणि पायांच्या हाडांची घनता महिन्याला साधारण एक ते दीड टक्क्याने घटते, आणि तेही रोज व्यायाम करून. म्हणजे अंथरुणात पडून राहणं ही हाडासाठी विश्रांती नव्हे, उपासमार आहे. पण भुकेल्याला एकदम पंचपक्वान्नं वाढली तरी चालत नाही. माझी चूक इथेच झाली.

ऑक्टोबरच्या मध्यात पूर्ण वजन टाकायची परवानगी मिळाली. दिवाळीनंतर वॉकर सुटला, काठी आली. काठीबद्दल एक सांगून घेते. दुखरा पाय डावा असेल तर काठी उजव्या हातात धरायची. बहुतेक लोक, सिनेमातले नटसुद्धा, ती दुखऱ्या बाजूला धरतात. चालताना दुखरा पाय टेकतो तेव्हा समोरच्या हातातली काठी त्याच्याबरोबर टेकते, वजन वाटून घेते आणि शरीर एका बाजूला झुकत नाही. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आमच्या वॉर्डातल्या मावशींनी याचं सूत्र केलंय : ‘वर जाताना शहाणा पुढे, खाली येताना वेडा पुढे.’

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रुग्णालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पोस्टर आलं. शहरातल्या एका सेवाभावी संस्थेचं आवाहन : जानेवारीत शंभर किलोमीटर चाला, ओळखीच्यांकडून किलोमीटरमागे दहा रुपये कबूल करून घ्या, जमतील त्या पैशांतून अस्थिरोग विभागातल्या गरीब रुग्णांना वॉकर आणि कमोडच्या खुर्च्या देऊ. आमच्याकडे ऑपरेशन योजनेतून होतं, पण घरी न्यायचा वॉकर बऱ्याच जणांना स्वतः घ्यावा लागतो. हजार-बाराशे रुपये. ज्याच्या घरात मिळवता माणूसच पाय मोडून पडलाय, त्याला ही रक्कम लहान नसते. मग कोणी बांबूच्या काठीवर घरी जातो, कोणी मुलाच्या खांद्यावर. काही दिवसांनी त्यातलाच एखादा पुन्हा पडून परत येतो.

मी लगेच नाव दिलं. शेहेचाळीस जणांनी माझ्या नावापुढे पैसे कबूल केले. हिशेब सोपा : शंभर किलोमीटर, माणशी हजार रुपये, एकूण शेहेचाळीस हजार. म्हणजे चाळीसएक वॉकर. ऑपरेशनला साडेपाच महिने झाले होते. एक्स-रेत हाड जुळलेलं होतं. दिवसाला सव्वातीन किलोमीटर, त्यात काय मोठंसं?

पोस्टरवर कॅप्टन टॉम मूर यांचा फोटो होता. करोनाच्या पहिल्या लाटेत ही गोष्ट जगभर गाजली होती. टॉम मूर दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सैनिक. त्या काळात ते भारतात, मुंबईतही होते आणि पुढे ब्रह्मदेशात आराकानच्या आघाडीवर लढले. २०१८ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, ते घरात पडले आणि त्यांचा खुबा मोडला. उपचार तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये झाले. त्या सेवेचे उपकार म्हणून एप्रिल २०२० मध्ये त्यांनी ठरवलं की, ३० एप्रिलला शंभरावा वाढदिवस आहे, त्याआधी घराच्या बागेत वॉकर धरून शंभर फेऱ्या मारायच्या आणि एनएचएसशी जोडलेल्या धर्मादाय निधीसाठी एक हजार पौंड जमवायचे. १६ एप्रिललाच शंभर फेऱ्या पूर्ण झाल्या. वाढदिवसापर्यंत जमले तीन कोटी वीस लाखांहून अधिक पौंड. जुलैमध्ये राणीने त्यांना ‘सर’ किताब दिला. पुढच्या फेब्रुवारीत न्यूमोनिया आणि करोनाने ते गेले.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हता तो एक आकडा, आणि तो मी शोधलाही नाही. तो पुढे येईल.

पहिले पाच दिवस उत्तम गेले. रोज साडेतीन किलोमीटर, पहाटे रुग्णालयाच्या आवारात. मुख्य दरवाज्यापासून शवागाराच्या वळणापर्यंत आणि परत. रखवालदार सलाम करायचे, कँटीनवाला आतून ओरडायचा, ‘‘मॅडम, आज किती?’’ आपल्याला कुणी मोजतंय ही भावना औषधासारखी काम करते, हे नाकारण्यात अर्थ नाही. नोव्हेंबरमध्ये फिजिओने सांगितलेली दहा मिनिटं चालायलाही मी कंटाळत होते. आता पाच वाजता आपोआप जाग यायची. पाय मोडलेल्या माणसाचा अर्धा आजार भीतीचा असतो. पुन्हा पडण्याची भीती, हाड सरकेल ही भीती, लोक लंगडं म्हणतील ही भीती. दुसऱ्या कुणासाठी चालायचं ठरलं की ही भीती मागच्या बाकावर जाऊन बसते. तो फायदा खरा होता.

सहाव्या दिवशी शिबिर आणि सातव्या दिवशी इमर्जन्सी ड्यूटी. दोन दिवस शून्य. मी वहीत पाहिलं : सात किलोमीटर मागे. मग आठव्या दिवशी सात किलोमीटर चालले. नवव्या दिवशी सहा. गुडघा कुरकुरत होता, पण वहीतला आकडा साडेतीसवर गेला होता. दहाव्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली सोडला तर गुडघा नारळाएवढा. वाकेना, सरळ होईना. पोटरीही ठणकत होती.

पोटरी ठणकते म्हटल्यावर माझ्यातली रुग्ण गप्प बसली आणि डॉक्टर घाबरली. शिरेत गाठ झाली असेल तर? डॉपलर केला. गाठ नव्हती. एक्स-रे केला. प्लेट जागेवर, फरशी जागेवर. माझा विद्यार्थी काही बोलला नाही, फक्त फिजिओथेरपी विभागात जायला सांगितलं. तिथली मुलगी माझ्या मुलीच्या वयाची. तिने माझी वही पाहिली. दोन शून्यं पाहिली, पुढचे सात आणि सहा पाहिले. म्हणाली, ‘‘मॅडम, मधुमेहाच्या पेशंटने दोन दिवस गोळ्या चुकवल्या आणि तिसऱ्या दिवशी तिन्ही दिवसांच्या एकदम घेतल्या, तर तुम्ही काय म्हणाल?’’

मी काय म्हणते ते माझ्या पेशंटांना विचारा. इथे छापता येणार नाही.

तिने मला कागदावर गणित करून दाखवलं. सध्याच्या आखूड पावलांनी एका किलोमीटरला माझी सुमारे पंधराशे पावलं होतात. शंभर किलोमीटर म्हणजे दीड लाख पावलं. त्यांतली पंचाहत्तर हजार डाव्या पायाची. सपाट रस्त्यावर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यातून जाणारा दाब शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट असतो. जिन्यावर त्याहून जास्त. निरोगी माणसात हा दाब मांडीचा स्नायू झेलतो, गाडीच्या शॉक-ॲब्सॉर्बरसारखा. माझा स्नायू अजून अर्धवट. म्हणजे खड्ड्यांचा रस्ता, जुनी गाडी आणि शॉक-ॲब्सॉर्बर गेलेले. हाड तुटणार नव्हतं, पण सांध्याचं आतलं अस्तर वैतागून पाणी सोडणार होतं. तेच झालं.

‘हाड जुळलं’ म्हणजे ‘पाय बरा झाला’ नव्हे, हे वाक्य प्रत्येक फ्रॅक्चरच्या डिस्चार्ज कार्डावर छापायला हवं. एक्स-रेवर फक्त हाड दिसतं. स्नायू, कूर्चा, सांध्याचं अस्तर, तोल सांभाळणाऱ्या नसा, यांतलं काहीच त्यात दिसत नाही. हाड जुळायला तीन-चार महिने लागले, तरी आतली डागडुजी पुढे वर्षभर किंवा त्याहून अधिक चालते. सांध्यातल्या फ्रॅक्चरनंतर संध्याकाळी येणारी सूज सहा-आठ महिने टिकणं अगदी नेहमीचं आहे. ती संध्याकाळी यावी आणि रात्रभर पाय वर ठेवल्यावर सकाळी ओसरावी, इतकंच.

सहा दिवस बर्फ, विश्रांती आणि खाटेवरचे व्यायाम. त्या दिवसांत मी तो आकडा शोधला. टॉम मूर यांच्या बागेतली एक फेरी किती मीटरची? पंचवीस. शंभर फेऱ्यांचे किती झाले? अडीच किलोमीटर. सगळे मिळून! दिवसाला दहा फेऱ्या, म्हणजे अडीचशे मीटर. आमच्या वॉर्डाच्या व्हरांड्याला तीन-चार येरझाऱ्या. आणि खुबा मोडल्याला तोवर वर्ष उलटून गेलं होतं. अडीच किलोमीटरमध्ये तीन कोटी पौंड. मी एका दिवसात त्यांच्या सगळ्या मोहिमेच्या जवळजवळ तिप्पट चालले होते, आणि तेही बढाई म्हणून.

ब्रिटिश लष्करातले मेजर फिल पॅकर यांची हकिगतही तेव्हाच वाचली. फेब्रुवारी २००८ मध्ये इराकमधल्या बसरा इथे त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि पायातली शक्ती गेली. पुन्हा चालता येणार नाही, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. २००९ ची लंडन मॅरेथॉन त्यांनी कुबड्यांवर पूर्ण केली, जखमी सैनिकांसाठीच्या निधीसाठी. त्यांना किती वेळ लागला? जवळजवळ दोन आठवडे. डॉक्टरांच्या सल्ल्याने दिवसाला साधारण दोन मैल चालायचे आणि थांबायचे. बाकीचे स्पर्धक केव्हाच घरी गेले होते. ते रोज आदल्या दिवशी थांबलेल्या जागेवरून पुढे चालत राहिले. मला या गोष्टीतलं थांबणं जास्त आवडलं. दान देणारे जमलेत, कॅमेरे आहेत, अंगात उत्साह आहे, आणि तरी दोन मैल झाले की थांबायचं. आकडा लोकांसाठी होता. रोजचा डोस शरीराने ठरवलेला होता.

दहा हजार पावलांचं खूळही असंच. कित्येकांच्या मनगटावरचं घड्याळ दहा हजार झाले की टाळ्या वाजवतं. हा आकडा मुळात प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, जपानच्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ अशा अर्थाचं ठेवलं. ऐकायला छान, लक्षात राहायला सोपं. निरोगी माणसाने तेवढी पावलं चालावीत, चांगलंच आहे. पण प्लेट बसवलेल्या गुडघ्याने त्या घड्याळाचं का ऐकावं?

सोळाव्या दिवशी मी पुन्हा चालायला लागले. या वेळी किलोमीटर नव्हे, मिनिटं. सकाळी दहा, संध्याकाळी दहा. दोन-तीन दिवसांनी त्यात थोडी भर, तीही परीक्षा पास झाले तर. परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असायची : गुडघा कालच्यापेक्षा सुजलाय का, रात्री दुखून जाग आली का, जिना उतरताना कालपेक्षा जास्त लंगडतेय का. तिन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं तर भर. एकाचंही ‘हो’ आलं तर कालच्यापेक्षा कमी. चुकलेला दिवस चुकला; त्याची वसुली नाही. चालताना थोडं दुखणं चालतं, पण ते चालणं थांबवल्यावर लवकर शमायला हवं. दुखण्यामुळे चालच बदलली, कंबर एका बाजूला पडायला लागली, की तिथे थांबायचं, कारण चुकीच्या चालीची सवय लागते आणि मग कंबर आणि दुसरा गुडघा तक्रार घेऊन येतात.

महिनाअखेर दिवसाला दोन किलोमीटरवर आले. एकूण अठ्ठावन्न.

दात्यांना मी विसाव्या दिवशीच मेसेज टाकला होता : शंभर होणार नाहीत, माझी चूक झाली, होतील तेवढ्याचेच द्या. वाटलं होतं त्याहून ते लिहिणं जड गेलं. इतरांना चालायला सांगणाऱ्या बाईने सगळ्यांसमोर ‘मला जमलं नाही’ म्हणायचं. उत्तरं निरनिराळी आली. बहुतेकांनी पूर्ण हजार दिले. काहींनी चोख पाचशे ऐंशी. आमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कनी विचारलं, ‘‘मॅडम, पैसे किलोमीटरचे होते की वॉकरचे?’’ आणि स्वतःच उत्तर देऊन दीड हजार पाठवले. पैशांच्या बाबतीत एक सावधगिरी मात्र आम्ही बाळगली. टॉम मूर यांच्या नावाने त्यांच्या कुटुंबाने नंतर जी वेगळी संस्था काढली, तिच्या कारभारावर ब्रिटनच्या धर्मादाय आयोगाने २०२४ मध्ये कडक ताशेरे ओढले. एनएचएससाठी जमलेल्या पैशांचा त्याच्याशी संबंध नव्हता, पण नाव तेच, त्यामुळे लोकांचा गोंधळ व्हायचा तो झालाच. म्हणून आमच्याकडे वॉकर खरेदीच्या पावत्या वॉर्डाच्या फलकावर लावल्या. ज्याला पाहायच्या त्याने पाहाव्यात.

आता लोक विचारतात तेव्हा मी काय सांगते? जूनमध्ये एक गृहस्थ आले, साठीतले, मांडीत रॉड, ऑपरेशनला सात महिने झालेले. घरची मंडळी म्हणत होती, ‘मॅडम, तुम्हीच सांगा यांना, वारीला जाऊ नका.’ तो माणूस तीस वर्षं आळंदीहून पंढरपूरला पायी गेलेला. अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट. मी नको म्हटलं असतं तर ऐकून घेतलं असतं आणि गुपचूप गेला असता. मी विचारलं, ‘‘माउली, आज सलग किती चालता?’’ म्हणाले, ‘‘दीड-दोन किलोमीटर.’’ आम्ही दोघांनी अस्थिरोग विभागात जाऊन एक्स-रे पुन्हा पाहिला आणि ठरवलं : रोजचा सकाळचा पहिला विसावा येईपर्यंत पायी, पण तेही दोन किलोमीटरच्या आत, पुढे दिंडीच्या ट्रकमध्ये. सुजला तर त्या दिवशी शून्य, दुसऱ्या दिवशी वसुली नाही. त्यांना ते कमीपणाचं वाटलं. ‘‘ट्रकमध्ये बसून कसली वारी?’’ मी त्यांना माझी वही दाखवली, साडेतीसवर थांबलेली. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘तुमचीबी झाली म्हणायची.’’

ज्यांना खुब्याचं फ्रॅक्चर झालंय अशा सत्तरी-ऐंशीच्या रुग्णांच्या घरच्यांशी मात्र मी उलट भांडते. तिथे अति चालण्याचा नव्हे, न चालण्याचा धोका मोठा. ‘आता या वयात ऑपरेशन कशाला, पडून राहू दे’ हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं आणि त्यातून पाठीला जखमा, छातीत कफ, लघवीचा संसर्ग असा एकेक पाहुणा येतो. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, असं ऑपरेशन दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावं आणि ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी रुग्णाला उभं करावं. फिजिशियन म्हणून ‘फिटनेस’ देणारी मीच असते, आणि कबूल करते की पूर्वी एखाद्या जास्तीच्या तपासणीसाठी मी दोन-दोन दिवस घालवलेत. आता नाही घालवत. मधल्या वयाचा, उत्साही, मनगटावर घड्याळ बांधलेला रुग्ण आला तर त्याला आवरायचं, आणि आजी आल्या तर त्यांना उठवायचं. औषध एकच आहे. डोस उलटे.

तंबाखू आणि मिश्रीबद्दलही विचारते, कारण निकोटिनने हाडाचा रक्तपुरवठा घटतो आणि जुळणं लांबतं. जेवणात डाळ, दूध, अंडं किती, तेही. मोडलेलं हाड आणि गेलेला स्नायू दोघांनाही प्रथिनं लागतात आणि आमच्या बहुतेक रुग्णांच्या ताटात भात-भाकरीच जास्त असते. पोटरी एकाच बाजूची सुजली आणि ठणकली, अचानक दम लागला, छातीत दुखलं, जखमेतून पाणी आलं, ताप आला किंवा काल टेकणारा पाय आज अजिबात टेकेना, तर मात्र वाट न बघता रुग्णालय गाठायचं.

वॉकर मार्चमध्ये आले. बेचाळीस. पहिला गेला तो कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजींना. खुबा मोडलेला, ऑपरेशन होऊन तिसरा दिवस. उभं राहायला तयार नव्हत्या. फिजिओच्या मुलीने फरशीवर खडूने खूण केली, खाटेपासून पाच फरशा. दुसऱ्या दिवशी आठ. मी राउंडला गेले तेव्हा आजी खिडकीपर्यंत पोचल्या होत्या आणि वॉकरला रेलून बाहेरच्या आवाराकडे बघत होत्या. मला म्हणाल्या, ‘‘बाई, त्या वळणापावतर किती असंल?’’

शवागाराच्या वळणाकडे बोट होतं. मी म्हटलं, ‘‘आजी, त्याची घाई नाही. उद्या दाराची कडी.’’